झाकली मूठ

चौतीस वर्षं भोसरीत फिटर होतो.
नट किती घट्ट बसलाय
हे पान्याआधी बोटांना कळायचं.

आता रुबीना मॅडम एक यंत्र हातात देतात,
म्हणतात, दाबा काका, जोरात.
मी दाबतो. दात-ओठ खाऊन दाबतो.
काटा शून्यावर बसून,
जेवणाच्या सुट्टीनंतरचा खिडकीमागचा कारकून जसा.
याचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालंय, मी विचारलं.
त्या हसल्या. तेच यंत्र स्वतः दाबलं
आणि काटा अठ्ठावीसवर गेला.

तेवीस दिवस आयसीयूत होतो.
त्यातलं आठवतं ते एवढंच:
छताचा एक चौकोन, कोपऱ्यात ओलीचा डाग,
आणि कुणीतरी सारखं म्हणतंय, वाघमोडे, डोळे उघडा.
वाघमोडे! आडनाव तरी बघा.
न्यूमोनिया उतरला, नळी निघाली,
गळ्यावरचं भोकही बुजत आलं.
निघताना सगळे म्हणाले, सुटलात.
मी चादर उचलून पाहिलं
तर मांड्यांच्या जागी
कुणीतरी दुसऱ्याचे दंड ठेवून गेलेलं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं.
इतकं आजारपण, इतकं पडून राहणं,
स्नायू झिजतात, नसाही सुस्तावतात.
पटलं मला. चालू मशीनपेक्षा बंद मशीन लवकर गंजतं.
पण मशीन उघडून बघता येतं.

मग कामं सुरू झाली.
कुशीवर वळणे.
पलंगाच्या कडेला बसणे, पाच मिनिटं, मान सांभाळून.
चमचा.
चमच्यावर अख्खा आठवडा गेला.
वरणभात निम्मा बनियनवर.
कमोडवरून उठवताना शालन काखेत हात घालते,
म्हणते, एक, दोन...
तीन ती कधीच म्हणत नाही,
तीनला ती मला उचलत असते.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
बिल झालं साडेनऊ लाख
आणि मूठ झाकतच नाही.
करंगळी आणि तिच्या शेजारची
बाहेरच राहतात,
पाळीला उशिरा आलेल्या हेल्परांसारखी.

धनकवडीत आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही.
छत्तीस पायऱ्या.
पूर्वी तळजाईवर चक्कर मारून
दुधाच्या पिशव्या हलवत चढायचो.
आता अकराव्या पायरीवर
पाय विचारतो, मी का?
खालचे ढमढेरे दार उघडून उभे असतात.
म्हणतात, सावकाश, सावकाश, घाई काय आहे,
आणि ओठ न हलवता मोजतात.
परवा चौदा झाल्या. काल नऊ.
याला प्रगती म्हणायचं का,
हे रुबीना मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या,
काका, आलेखाकडे बघा, कालकडे बघू नका.

पार्किंगमध्ये स्कूटर चार महिने मेन स्टँडवर.
कव्हरवर पिंपळाची पानं, कावळ्यांचा कारभार.
मी हँडलला फक्त हात लावून येतो.
ढकलत नाही.
उतरली तर परत चढवायची कुणी?

गेल्या गुरुवारी ताटात पिठलं-भाकरी होती.
शालननं लोणच्याची बरणी समोर ठेवली, म्हणाली,
उघडता का जरा, माझे हात पिठाचे आहेत.
मी धरली. वळवली.
झाकण निघालं.
ती म्हणाली, बघा! निघालं की!

चौतीस वर्षं फिटर होतो, शालन.
आधीच सैल केलेला आटा
मला कळत नाही होय?

मी काही बोललो नाही. दोन फोडी घेतल्या.
जेवण झाल्यावर, ती भांडी घासत असताना,
बरणी मांडीत घेऊन
झाकण जितकं बसवता आलं तितकं बसवलं,
तळवा लाल होईपर्यंत.

सकाळी ओट्याशी ती उभी.
दोन बोटांत झाकण फिरलं, मी पाहिलं.
ती क्षणभर थांबली.
मग झाकण तसंच धरून, दात आवळून म्हणाली,
अगं बाई,
किती घट्ट लावलंय हो.